रकाना आखण्याचा हक्क

चेन्नईच्या सॉफ्टवेअर उद्योगाची गोष्ट बहुधा संगणकापासून सुरू होते. व्यवसायांसाठी ऑनलाइन फॉर्म बनवण्याच्या साधनांपुरती तरी ती मद्रासच्या महसूल कारभारापासून सुरू करावी. १७८६ साली तिथे बोर्ड ऑफ रेव्हेन्यू आले. पुढे टॉमस मन्रोने रयतवारी रुजवली आणि सरकारचा हिशेब थेट शेतकऱ्याशी जोडला गेला. इतकी खाती सांभाळायची तर गावोगावचा तक्ता एकसारखाच हवा. गावचा कर्णम (हिशेबनीस) पिकांची नोंद ‘अडंगल’मध्ये, म्हणजे गाव हिशेब क्रमांक २ मध्ये करी, जमाबंदीत दरवर्षी गावचे हिशेब तपासले जात. आपला सातबारा हाही गाव नमुना ७ आणि १२च. माहिती गावची, रकाने मात्र वरून आखून आलेले. लिहिणाऱ्याला वेगळे काही महत्त्वाचे वाटले, तर फार तर शेऱ्यात लिहायचे.

संगणक आल्यावर रकाने आखण्याचा हा हक्क खाली उतरला नाही, प्रोग्रामरच्या टेबलावर जाऊन बसला. बदल दिसतो तो २००६ मध्ये. श्रीधर वेम्बू आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उभी केलेली अ‍ॅडव्हेंटनेट (२००९ पासून झोहो) नेटवर्क व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर विकत होती. तिने झोहो क्रिएटर आणले. नाव, तारीख, रक्कम असे रकाने माऊसने ओढून मांडले की फॉर्म तयार, मागचा डेटाबेसही तयार. यावर कोणी म्हणेल, अमेरिकेत वूफू आणि जॉटफॉर्मही त्याच वर्षी आले, मग चेन्नईचे कौतुक कशाला? शोधाचा मान चेन्नईला द्या असे म्हणणेच नाही. पण बाहेरचे गुंतवणूकदार न घेता वाढलेल्या या कंपनीने लहान व्यावसायिकालाही गिऱ्हाईक मानले, आणि प्रोग्रामर न परवडणाऱ्याच्या हाती रकाना आला. मला हा बदल कागद जाऊन पडदा आला त्याहून मोठा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. छापील तक्त्यात रकाना वाढवायचा तर कागद, छपाई आणि लिहिणाऱ्याचा वेळ खर्ची पडे. त्या खर्चाचाच चाप होता. आता प्रश्न फुकट झाला, म्हणून साध्या चौकशीच्या फॉर्मलाही जन्मतारीख लागते. हे खरेच आहे, पण त्यासाठी हक्क पुन्हा वर पाठवायला नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाची संमती सांगितलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. तेव्हा व्यावसायिकांनी प्रत्येक रकान्याचे कारण आधी स्वतःला सांगावे. सांगता येत नसेल तर तो खोडावा.