हद्दीबाहेरचा खटला

इंग्लंडमध्ये एखाद्या दुकानदाराने मापात मारले, जुन्या मोटारीचे मीटर मागे फिरवून ती विकली किंवा छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली एखाद्या वृद्धाला गंडा घातला, तर त्याच्यावर फौजदारी खटला भरण्याचे काम बऱ्याचदा पोलिसांऐवजी स्थानिक कौन्सिल करते. कौन्सिलच्या या खात्याला ‘ट्रेडिंग स्टँडर्ड्स’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रीत जरा नवलाची वाटेल. इथे काटे-वजने तपासणारा निरीक्षक राज्य सरकारच्या वैधमापन यंत्रणेचा माणूस असतो, महापालिकेचा नव्हे. तिकडे काउंटीचे रस्ते दुरुस्त करणारी आणि वाचनालये चालवणारी संस्थाच आरोपीला कोर्टात उभे करते. मात्र तिचा हा अधिकार शतकानुशतके आपल्या हद्दीपुरता होता. हद्द ओलांडून पळणाऱ्या व्यापाऱ्याला गाठण्यासाठी कौन्सिलींनी आपले अधिकार एकमेकींना कसे दिले, हा या खात्याच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग आहे.

अधिकार स्थानिक का होता, हे समजायला मध्ययुगीन बाजारात जावे लागते. तेव्हा फसवणूकही गावातच होत असे. पाव भाजणारा, बिअर गाळणारा, धान्य मोजणारा अशा सगळ्यांना लोक नावानिशी ओळखत. राज्यभर एकच माप असावे असे 1215 च्या मॅग्ना कार्टात कलम होते, पण त्याची अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या गावावर सोडलेली होती. 1266 च्या सुमारास पाव आणि बिअर यांविषयीचा जो कायदा झाला, त्यात गव्हाचा भाव चढला की ठरावीक नाण्याला मिळणाऱ्या पावाचे वजन किती कमी करायचे याचे कोष्टकच घालून दिले होते. भाव तोच राही, पाव मात्र लहान होई. त्याहूनही लहान पाव विकणाऱ्याला गावातल्या जहागिरीच्या किंवा नगराच्या न्यायालयात दंड होई, आणि गुन्हा पुन्हा पुन्हा केला तर मान व हात फळीत अडकवून त्याला भर बाजारात उभे केले जाई. हा कायदा लंडनमध्ये 1822 पर्यंत आणि इतरत्र 1836 पर्यंत टिकला.

फिरत्या व्यापाऱ्याची अडचण तेव्हाही होती. जत्रेला आलेला कापडवाला दोन दिवसांत पुढच्या गावी जाणार, मग त्याच्यावर दावा चालवायचा कधी? त्यासाठी ‘पायपावडर’ नावाची जत्रेची खास न्यायालये होती. जत्रेच्या आवारात झालेल्या तंट्याचा निकाल ती जागच्या जागी, जत्रा उठण्यापूर्वीच लावत. एकदा माणूस आवाराबाहेर गेला की मात्र त्यांचा इलाज चालत नसे.

1835 च्या कायद्याने वजन-मापांसाठी निरीक्षक नेमणे बंधनकारक झाले. हे निरीक्षक सुरुवातीला काउंटीच्या मॅजिस्ट्रेटांच्या हाताखाली होते. 1888 मध्ये काउंट्यांना निवडून आलेल्या कौन्सिली मिळाल्या आणि हे काम त्यांच्याकडे गेले. दरम्यान भेसळीचा प्रश्न पुढे आला होता. फ्रेडरिक अकम या रसायनतज्ज्ञाने 1820 मध्ये लंडनच्या खाद्यपदार्थांतली भेसळ पुस्तक लिहून उघड केली. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर हॅसल या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात दुकानांची नावे छापून तेच काम पुढे नेले. पण लोकांच्या मनात भीती बसली ती 1858 च्या ब्रॅडफर्ड प्रकरणाने.

यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डच्या बाजारात एक विक्रेता पेपरमिंटच्या गोळ्या विकत असे. साखर महाग होती, म्हणून गोळ्या बनवणारे कारागीर तिच्यात प्लास्टर ऑफ पॅरिससारखी स्वस्त पांढरी भुकटी मिसळत. हे उघड गुपित होते आणि कायद्याने त्यावर बंदीही नव्हती. त्या ऑक्टोबरमध्ये कारागिराचा माणूस ही भुकटी आणायला जवळच्याच शिप्ली गावातल्या औषध विक्रेत्याकडे गेला. मालक आजारी असल्याने दुकान मदतनीसाच्या हवाली होते. त्याने चुकीच्या पिंपातून 12 पौंड भुकटी तोलून दिली, ती सोमल निघाली. गोळ्या बाजारात गेल्या. सुमारे 20 माणसे दगावली, त्यांत मुलेही होती, आणि 200 हून अधिक आजारी पडली. मदतनीस, औषध विक्रेता आणि गोळ्या बनवणारा अशा तिघांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. या हलगर्जीवर नेमके बोट ठेवणारा कायदाच नव्हता. 1860 मध्ये भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा आला. त्यात तपासनीस नेमणे ऐच्छिक होते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कोणी नेमलेच नाहीत. 1872 आणि 1875 च्या कायद्यांनी ही ढिलाई बरीचशी दूर केली.

विसाव्या शतकात निरीक्षकांचे काम तराजू आणि दुधापलीकडे गेले. 1968 च्या ‘ट्रेड डिस्क्रिप्शन्स’ कायद्याने मालाचे खोटे वर्णन करणे हा फौजदारी गुन्हा ठरला आणि अंमलबजावणी वजन-माप पाहणाऱ्या कौन्सिलींवर सोपवली गेली. हे कर्तव्य ‘आपल्या हद्दीत’ पार पाडायचे, असे कायद्याच्या 26 व्या कलमात स्पष्ट लिहिले होते. पुढची जवळपास पन्नास वर्षे कौन्सिलचे वकील या दोन शब्दांशी झगडत राहिले, कारण तोवर फसवणूक करणाऱ्यांच्या हाती व्हॅन आणि टेलिफोन आले होते आणि महामार्ग झाले होते.

घरोघर फिरणाऱ्या ठगाची पद्धत ठरलेली असे, आजही तीच आहे. रस्त्याचे काम करून डांबर उरले आहे, तुमच्या अंगणात स्वस्तात टाकून देतो. किंवा खालून जाताना दिसले, तुमच्या छपराची कौले सुटली आहेत. घरात बहुधा एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असते. पहिला भाव शंभर-दोनशे पौंडांचा. काम सुरू झाले की वासे कुजलेले निघतात, आणखी माल लागतो आणि आकडा हजारांत जातो. रोख नसेल तर म्हातारीला व्हॅनमध्ये बसवून बँकेपर्यंत नेण्याची तत्परताही ही मंडळी दाखवतात. चार दिवसांनी दिलेला नंबर बंद लागतो आणि टोळी दोन काउंट्या सोडून पुढे गेलेली असते. एका कौन्सिलकडे एक तक्रार, दुसरीकडे दोन, तिसरीकडे एक. प्रत्येकीच्या दृष्टीने प्रकरण किरकोळ. सगळ्या तक्रारी एका टेबलावर आल्या तरच टोळी दिसते, आणि नेमके तेच होत नसे.

यावरच्या उपायाचे बीज 1972 च्या ‘लोकल गव्हर्नमेंट’ कायद्यात होते. एप्रिल 1974 पासून तो अमलात आला आणि वजन-मापाचे काम प्रामुख्याने मोठ्या कौन्सिलींकडे गेले. त्याची दोन कलमे इथे महत्त्वाची. 222 व्या कलमाने कौन्सिलला आपल्या हद्दीतल्या रहिवाशांच्या हितासाठी स्वतःच्या नावाने खटला चालवता येऊ लागला. 101 व्या कलमाने कौन्सिलला आपले काम समितीकडे, अधिकाऱ्याकडे किंवा दुसऱ्या कौन्सिलकडे सोपवता येऊ लागले. हे कलम दिसायला कारकुनी आहे, पण पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहिले. समितीपुढे टिपण ठेवायचे, ठराव करायचा, दुसऱ्या कौन्सिलने तो स्वीकारायचा आणि करारावर सह्या करायच्या. एवढे झाले की दुसरीचे अधिकारी पहिलीच्या हद्दीत तपास करू शकत. यातला एखादा कागद कमी पडला तर बचाव पक्षाचा वकील पुराव्याला हात न लावता पहिलाच प्रश्न विचारी: हा खटला भरण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

काही ठिकाणी अधिकार सोपवण्याची गरज राजकारणातून आली. 1986 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने महानगरांच्या काउंटी कौन्सिली बरखास्त केल्या आणि त्यांचे ट्रेडिंग स्टँडर्ड्स खाते छोट्या जिल्ह्यांत वाटले जाण्याची वेळ आली. वेस्ट यॉर्कशायरमधल्या लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड, कर्कलीज आणि काल्डरडेल या पाच जिल्ह्यांनी मात्र खाते फोडले नाही. संयुक्त समिती नेमून ते एकत्रच चालवले. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत वेगळा बेत होता. 1978 मध्ये कौन्सिलींची ‘लॅकॉट्स’ ही समन्वय संस्था निघाली आणि कंपनीचे मुख्यालय ज्या कौन्सिलच्या हद्दीत असेल तिने त्या कंपनीशी बोलायचे, इतरांनी तिला विचारून चालायचे, असा प्रघात पडला. तो सामंजस्याचा होता, सक्तीचा नव्हता. 2009 मध्ये त्याच्या जोडीला ‘प्रायमरी ऑथॉरिटी’ ही कायदेशीर व्यवस्था आली. सुपरमार्केटच्या साखळीला ती सोयीची, पण व्हॅनमधल्या ठगाला मुख्यालय कुठे असते?

101 व्या कलमाचा सर्वांत धाडसी वापर बर्मिंगहॅमने केला, तोही बेकायदा सावकारीविरुद्ध. 2004 मध्ये बर्मिंगहॅम आणि ग्लासगो इथे सरकारी पैशाने दोन प्रायोगिक पथके सुरू झाली. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा 1974 च्या ‘कन्झ्युमर क्रेडिट’ कायद्याने गुन्हा होता, पण खटले अगदी थोडे होत. कारणही उघड होते. असा सावकार गल्लीतलाच असतो, ऋणकोचे बँक कार्ड पिनसकट तारण म्हणून ठेवून घेतो, आणि त्याच गल्लीत राहणारा साक्षीदार स्थानिक अधिकाऱ्याकडे जायला धजत नाही. परगावचे पथक हा त्यावर इलाज ठरला. इंग्लंडमधल्या कौन्सिलींनी एकामागून एक ठराव करून आपापल्या हद्दीत बेकायदा सावकारीचा तपास करण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकार अशा पथकांकडे सोपवला. 2011 पासून संपूर्ण इंग्लंडसाठी बर्मिंगहॅमचे एकच पथक राहिले. डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या सावकारावर बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने खटला भरायचा, हे कागदावर विचित्र दिसते; पण कायद्याने ते चोख बसते. वेल्ससाठी असेच पथक कार्डिफमध्ये आहे.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. टोळीने तीन काउंट्यांत फसवले आणि खटला एकाच कौन्सिलने चालवला, तर वकिलांचे बिल त्या एका काउंटीच्या करदात्यांनी का भरावे? खटला हरला तर नामुष्कीही तिचीच. 2002 च्या ‘प्रोसीड्स ऑफ क्राइम’ कायद्याने थोडा दिलासा मिळाला. गुन्हेगाराकडून वसूल झालेल्या रकमेतला वाटा तपास करणाऱ्या आणि खटला भरणाऱ्या यंत्रणांना परत देण्याची योजना त्यानंतर आली. दोन्ही कामे करणाऱ्या कौन्सिलला 37.5 टक्के मिळतात. अर्थात वसुली झाली तर.

2011 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या व्यवस्थेवर कडक अहवाल दिला. ग्राहकांच्या वार्षिक नुकसानीचा त्याचा अंदाज किमान 660 कोटी पौंडांचा होता आणि त्यातले सुमारे 480 कोटी पौंडांचे नुकसान एका कौन्सिलच्या हद्दीत न मावणाऱ्या गैरव्यवहारांचे होते. पैसा आणि माणसे मात्र बहुतांशी स्थानिक कामात गुंतलेली. पुढच्याच वर्षी ‘नॅशनल ट्रेडिंग स्टँडर्ड्स’ हे मंडळ स्थापन झाले. ते सरकारचा निधी वाटते आणि प्रत्यक्ष पथके कुठल्या ना कुठल्या कौन्सिलच्या छत्राखाली बसतात. इंटरनेटवरील फसवणुकीचे पथक यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायरच्या आधाराने उभे राहिले. पासपोर्ट आणि वाहन परवान्याच्या सरकारी संकेतस्थळांची नक्कल करून लोकांकडून जादा पैसे उकळणाऱ्या टोळीला 2018 मध्ये याच पथकाच्या खटल्यात तुरुंगवास झाला. 2014 मध्ये ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ हे ग्राहक संरक्षणाचे केंद्रीय कार्यालय बंद झाल्यावर घरांच्या दलालांवरची देशव्यापी देखरेख वेल्समधल्या पॉविस काउंटीकडे गेली. या काउंटीत मेंढ्या माणसांहून कितीतरी जास्त. लंडनच्या दलालांवर नजर ठेवायला याहून अनपेक्षित जागा सापडणे अवघड.

2015 च्या ‘कन्झ्युमर राइट्स’ कायद्याने हद्दीचा पेच बऱ्यापैकी सोडवला. त्याच्या पाचव्या परिशिष्टानुसार इंग्लंड किंवा वेल्समधल्या कोणत्याही कौन्सिलला आपल्या हद्दीबाहेर झालेल्या ग्राहकविषयक गुन्ह्याचाही तपास करता येतो आणि खटला भरता येतो. मात्र त्याच कायद्याने नेहमीच्या तपासणीला जाण्यापूर्वी व्यापाऱ्याला दोन कामकाजी दिवस आधी लेखी सूचना देण्याची अट घातली, काही अपवाद ठेवून. निरीक्षकांना ती रुचली नाही, यात नवल नाही. हद्दीबाहेर खटला भरण्याची तरतूद स्कॉटलंडला लागू होत नाही. तिथे कौन्सिल तपास करून अहवाल देते आणि खटला चालवायचा की नाही हे ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ हा सरकारी अधिकारी ठरवतो. उत्तर आयर्लंडमध्ये हे काम कौन्सिलींकडे नाहीच. तिथले सरकारी खाते ते पाहते.

अधिकार वाढले तेव्हा माणसे कमी झाली. 2009 नंतरच्या सात वर्षांत ट्रेडिंग स्टँडर्ड्सचे मनुष्यबळ निम्म्याहून अधिक घटले, असे लेखापरीक्षकांच्या 2016 च्या अहवालात दिसते. त्यामुळे या काळातल्या कौन्सिलींच्या एकीमागे दूरदृष्टीइतकीच तंगीही होती, असे म्हणणे भाग आहे. डेव्हन आणि सॉमरसेट यांनी 2013 मध्ये खाती एकत्र केली. बकिंगहॅमशायर आणि सरे यांनी 2015 मध्ये. त्याच वर्षी कार्डिफ, ब्रिजेंड आणि व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन यांनी ट्रेडिंग स्टँडर्ड्सबरोबर पर्यावरण आरोग्य आणि परवाने ही खातीही एका छताखाली आणली. एप्रिल 2025 मध्ये ग्राहकांच्या फसवणुकीविषयीचे 2008 चे नियम जाऊन 2024 चा नवा कायदा लागू झाला. त्याने स्पर्धा व बाजार प्राधिकरणाला कोर्टात न जाता कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड ठोठावण्याचा अधिकार दिला. कौन्सिलींना तो मिळाला नाही. डांबरवाल्यासाठी त्यांना अजूनही कोर्टाचीच पायरी चढावी लागते.