थ्रेड : प्रयोगशाळेतील त्वचा जिवंतपणी कशी दिसू लागली?

१/७
त्वचेच्या अंतरंगाचा अभ्यास दीर्घकाळ मृत पुराव्यावर चालला. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, पातळ काप काढून रंगवायचे. पेशी स्पष्ट दिसत. मात्र तोच तुकडा उद्या पुन्हा पाहता येत नसे.

२/७
१९७५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आधाराला होत्या किरणोत्साराने विभाजन थांबवलेल्या उंदराच्या पेशी.

३/७
तिचे मोल १९८३ मध्ये कळले. ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन मुले बॉस्टनमध्ये दाखल झाली. त्वचारोपणासाठी त्यांची स्वतःची त्वचा जवळजवळ उरलीच नव्हती. काखेतील लहानशा तुकड्यापासून वाढवलेल्या थरांनी त्यांचे सुमारे निम्मे शरीर झाकले गेले. दोघेही वाचले.

४/७
हा मात्र केवळ वरचा थर होता. एमआयटीतच यूजीन बेल आणि सहकाऱ्यांनी कोलॅजनच्या जाळ्यात फायब्रोब्लास्ट पेशी रुजवून, त्यावर बाह्यत्वचा चढवून १९८१ मध्ये पूर्ण जाडीची त्वचा सादर केली. अशा प्रतिकृतीचा पृष्ठभाग हवेला उघडा ठेवला की त्यावर खऱ्या त्वचेसारखा शृंगी थर तयार होतो.

५/७
या प्रतिकृतींवर सशांचेही भवितव्य अवलंबून होते. १९४४ च्या ड्रेझ चाचणीपासून रसायनांचा दाह सशांच्या डोळ्यांवर व त्वचेवर तपासला जाई. युरोपीय संघाने २०१३ मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्री थांबवली. भारतानेही २०१४ मध्ये अशा चाचण्यांवर बंदी घातली. आता पर्यायी त्वचेच्या आत नेमके काय घडते, हे पाहणे अनिवार्य झाले.

६/७
मार्ग प्रकाशाने दिला. एक रेणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये सिद्धान्ताने मांडले. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी त्यावर सूक्ष्मदर्शक उभारला. येथे प्रकाश केवळ नाभीच्या बिंदूवर परिणाम करतो. खोलीगणिक प्रतिमा घेऊन त्या एकावर एक रचल्या की सुरी न लावता त्रिमितीय चित्र मिळते. कोलॅजन तर रंगाविनाच दिसते.

७/७
त्यामुळे एकाच प्रतिकृतीवरील जखम आज, उद्या आणि परवा कशी भरते, हे पाहता येते. तरीही प्रखर लेझर पेशींना इजा करतो आणि खोलवर प्रकाश विखुरतो. म्हणून किती वेळा आणि किती खोल पाहायचे, हे संशोधकाला आजही तोलूनमापून ठरवावे लागते.