नळाचे पाणी : मानक आहे, सक्ती नाही

तत्कालीन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्ली व राज्यांच्या राजधान्यांमधील नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल जाहीर केला. भारतीय मानक ब्युरोने केलेल्या या तपासणीत मुंबईचे दहाही नमुने मानकाप्रमाणे आढळले. दिल्लीच्या अकरा नमुन्यांपैकी मात्र एकही कसोटीस उतरला नाही. त्यात खुद्द पासवान यांच्या जनपथावरील निवासस्थानाच्या आणि कृषी भवनाच्या नळाचे पाणी होते. कोलकाता आणि चेन्नई येथेही एकही नमुना पूर्णपणे निर्दोष ठरला नाही. दिल्ली सरकारने या निष्कर्षांना हरकत घेतली आणि काही दिवस राजकीय वाद रंगला. त्या गदारोळात एक मूलभूत बाब मागे पडली. ज्या मानकाच्या आधारे ही तपासणी झाली, ते पाळण्याची सक्ती पाणीपुरवठा करणाऱ्या महापालिकांवर अथवा जलमंडळांवर करणारा केंद्रीय कायदाच नाही.

मुंबईच्या यशाचाही अर्थ बेताने लावला पाहिजे. एक कोटीहून अधिक लोकवस्तीच्या शहराची परीक्षा दहा नमुन्यांवर होऊ शकत नाही.

बाटलीतील पाण्याची स्थिती वेगळी आहे. २००१ पासून २०२४ पर्यंत बाटलीबंद पाण्याला मानक ब्युरोचे प्रमाणपत्र अनिवार्य होते. ती अट काढल्यानंतर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या पाण्याचा समावेश अतिजोखमीच्या अन्नपदार्थांत केला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या संज्ञेच्या व्याख्येत बाटलीबंद पाण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. घरोघरी नळाने येणाऱ्या पाण्याचा नाही. परिणामी पाणी विकणाऱ्या कारखानदारास परवाना गमावण्याचे भय असते. तेच पाणी लाखो घरांना पुरविणाऱ्या सार्वजनिक संस्थेस तसे भय नसते.

मानक काय सांगते?

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ‘आयएस १०५००’ या क्रमांकाने ओळखले जाते. १९८३ मध्ये ते प्रथम तयार झाले आणि १९९१ व २०१२ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि अन्य स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालतील, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे अनेक निकष त्यात आहेत. लोकांचे लक्ष बहुधा क्षारांच्या आकड्याकडे असते, कारण घरगुती यंत्रे विकणारे तोच दाखवितात. तातडीचा धोका मात्र जंतूंपासून असतो. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. तो आढळला, तर पाण्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे असे समजले जाते.

याच मानकात उर्वरित मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम असावे, असे म्हटले आहे. हे प्रमाण ग्राहकाच्या टोकाला मोजावयाचे आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी शुद्ध होते, हे उत्तर त्यामुळे अपुरे ठरते.

केंद्र आणि नळ यांमधील अंतरातच बहुतेक घोटाळा होतो. आपल्या बहुसंख्य शहरांत पाणी दिवसातून काही तास, तर काही ठिकाणी दिवसाआड येते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गटारातील सांडपाणी जुन्या सांध्यांतून व तड्यांतून आत झिरपते. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणारे रहिवासी या प्रकारास हातभारच लावतात. दुसऱ्या दिवशी पहिले पाणी येते ते ही घाण घेऊन.

शिमला आणि पुणे

काही वेळा दोष उगमापाशीच असतो. डिसेंबर २०१५ पासून शिमला येथे काविळीची मोठी साथ पसरली. शहराला पाणी देणाऱ्या अश्विनी खड्ड या ओढ्यात मल्याणा येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे नीट प्रक्रिया न झालेले पाणी वरच्या बाजूला सोडले जात होते. खालच्या बाजूने तेच पाणी पिण्यासाठी उपसले जाई. उपसा थांबला तो जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे लोक आजारी पडल्यानंतर. पोलीस आणि उच्च न्यायालय यांचा हस्तक्षेपही त्यानंतरचाच.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण सिंहगड रस्ता परिसरात मोठ्या संख्येने आढळले. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला. नांदेड गाव, किरकटवाडी ही बाधित गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. महापालिकेचा कर तेथे पोहोचला, जलशुद्धीकरण केंद्र मात्र पोहोचले नव्हते. विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते.

पुरीचा अनुभव

ओडिशातील पुरी शहरात २६ जुलै २०२१ रोजी थेट नळातून पिण्यायोग्य पाणी चोवीस तास देणारी योजना सुरू झाली. अखंड पुरवठ्यामुळे वाहिनीत दाब कायम राहतो आणि बाहेरचे पाणी आत शिरण्यास वाव उरत नाही. पाण्याच्या दर्जावर यंत्रांद्वारे सतत देखरेख ठेवण्यात येते. ‘जलसाथी’ म्हणून नेमलेल्या स्थानिक महिला घरोघरी जाऊन पाणी तपासतात आणि पाणीपट्टीही गोळा करतात. मोठ्या शहरांना हे साधणार नाही असे सांगितले जाते. पण जगन्नाथाच्या यात्रेकरूंची गर्दी पेलणारे शहर काही सोयीचे उदाहरण नव्हे.

राज्यघटनेनुसार पाणी हा राज्यांचा विषय आहे आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी पाणीपुरवठ्याचा समावेश बाराव्या अनुसूचीत केला. त्यामुळे केंद्राची मानके स्थानिक संस्थांपर्यंत शिफारशीच्या रूपाने पोहोचतात. उगमापासून नळापर्यंतच्या व्यवस्थेसाठी २०२० मध्ये ‘आयएस १७४८२’ हे मानक निघाले, पण तेही ऐच्छिक आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याखाली मर्यादा बंधनकारक आहेत. तेथील पाणीपुरवठा संस्थेस ग्राहकांना दरवर्षी गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो आणि आरोग्यास तातडीचा धोका असल्यास २४ तासांत सूचना द्यावी लागते.

आपल्याकडे नागरिकास माहिती अधिकाराखाली आपल्या प्रभागातील तपासणीचे निकाल मागता येतात. स्वतः नमुना द्यावयाचा असल्यास बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती निर्जंतुक केलेली असते आणि क्लोरीनचा परिणाम थांबविणारे सोडियम थायोसल्फेट तीत घातलेले असते. नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. घरातील धुतलेल्या बाटलीतून नेलेल्या पाण्याची जंतुतपासणी ग्राह्य धरता येत नाही.