‘सॉर्ब’ आडनावाचं घराणं

टूथपेस्टच्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तीत बहुतेक वेळा सॉर्बिटॉल सापडतं. सॉसच्या किंवा सरबताच्या बाटलीवर कधी ‘आयएनएस 202’ लिहिलेलं असतं, म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. आणि क जीवनसत्त्वाची जी आंबटगोड गोळी आपण चघळतो, ती कारखान्यात तयार होताना वाटेत सॉर्बोज नावाची एक साखर लागते. तिघांचं आडनाव एकच. ज्या झाडावरून ते आलं, ते मात्र आपल्या सह्याद्रीत कुठेच उगवत नाही.

ते झाड म्हणजे युरोपातलं रोवन, शास्त्रीय नाव सॉर्बस ऑक्युपेरिया. सॉर्बस हे रोमन लोकांनी याच्याच एका चुलतभावाला दिलेलं नाव. ऑक्युपेरिया म्हणजे पक्षी धरण्याच्या कामाचं. पारधी याची फळं आमिष म्हणून लावत. काश्मीर ते सिक्कीम या हिमालयाच्या पट्ट्यात याचे भाऊबंद आहेत. फळ वाटाण्याएवढं, शेंदरी-लाल, घोसाघोसाने लागणारं. देठाच्या विरुद्ध टोकाकडून पाहिलं तर पाच टोकांची बारीकशी चांदणी दिसते. सफरचंदाच्या बुडाशी फुलाचा वाळका अवशेष असतो ना, तोच हा. दोन्ही झाडं एकाच कुळातली. स्कॉटलंडमध्ये लोकांनी या चांदणीत रक्षणाची खूण पाहिली. चेटूक घरात शिरू नये म्हणून दाराशी रोवन लावायचं आणि त्याच्या दोन काटक्यांचा क्रूस लाल दोऱ्याने बांधून ठेवायचा, अशी तिथली रीत होती.

कच्चं फळ तोंडात धरवत नाही, इतकं कडू-तुरट. हा कडवटपणाच रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागला. 1859 मध्ये लंडनला ऑगस्ट विल्हेल्म फोन होफमान यांनी फळांच्या रसाचं ऊर्ध्वपातन करून एक तेल मिळवलं आणि त्यापासून आम्ल तयार केलं. तेच सॉर्बिक आम्ल. पुढे ऐंशी वर्षं त्याचा कुणाला काही उपयोग सुचला नाही. 1940 च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत, एकमेकांना न विचारता, संशोधकांच्या लक्षात आलं की याने बुरशी आणि यीस्ट वाढत नाही. आंबट पदार्थात या आम्लाचा रेणू न फुटता अख्खा राहतो, आणि अख्खा असला तरच तो बुरशीच्या पेशीत सहज शिरतो. म्हणून सॉस, सरबत, चीज यांत त्याची नेमणूक झाली.

साखरेची गोष्ट मला याहून जास्त आवडते. 1852 मध्ये पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ पेलूझ यांनी महिनोन् महिने तसाच ठेवून दिलेल्या रोवनच्या रसातून एक नवी साखर काढली, ती सॉर्बोज. 1872 मध्ये बुसँगो यांना त्याच फळांच्या रसात सॉर्बिटॉल सापडलं. पण ताज्या रसातून सॉर्बोज काही निघेना. हा पेच 1896 मध्ये गॅब्रिएल बर्त्राँ यांनी सोडवला. सॉर्बोज मुळात फळाची नव्हेच. ठेवलेल्या रसात शिरलेला एक जीवाणू सॉर्बिटॉलपासून ती बनवतो.

1933 मध्ये झुरिकला टाडेउश राइखश्टाइन क जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या बनवण्याच्या मागे होते. सॉर्बिटॉलच्या रेणूत नेमक्या एकाच ठिकाणी बदल हवा होता. माणसाच्या रसायनांना ते अवघड होतं, बर्त्राँच्या जीवाणूला सहज जमत होतं. राइखश्टाइननी जीवाणू हवेतून बोलावला: सॉर्बिटॉलच्या द्रावणाचे पेले उघडे ठेवले. एका पेल्यात फळमाशी पडून मेली होती आणि तिच्या भोवती सॉर्बोजचे स्फटिक धरले होते. जीवाणू माशीबरोबर आला होता. त्या पेल्यातून निघालेल्या पद्धतीने क जीवनसत्त्व स्वस्त झालं.

रोवनच्या फळांत स्वतःचंही क जीवनसत्त्व असतं, शिवाय कॅरोटीन असतं, आणि पेशींचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करणारी फिनॉलिक द्रव्यंही. या अर्कांवर प्रयोगशाळांत बरंच काम होतं. परंतु परीक्षानळीतला गुण म्हणजे औषध नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. कच्च्या फळात पॅरासॉर्बिक आम्ल नावाचं द्रव्य असतं, ते पोटाला झोंबतं. उष्णतेने ते सॉर्बिक आम्लात बदलतं. स्कॉटलंडमधल्या बायका ही फळं साखरेत शिजवून त्यांची जेली करत आल्या आहेत आणि हरणाच्या मांसाबरोबर ती वाढत आल्या आहेत. रसायनाचं नाव माहीत नसताना त्यांनी योग्य तेच केलं.

आज कारखान्यांना रोवनचं एकही फळ लागत नाही. सॉर्बिटॉल मक्याच्या स्टार्चपासून बनतं, सॉर्बिक आम्ल पेट्रोलियमच्या रसायनांपासून. क जीवनसत्त्वाच्या कारखान्यात मात्र मोठमोठ्या टाक्यांमध्ये बर्त्राँच्या जीवाणूचे सगेसोयरे अजूनही सॉर्बिटॉलचं सॉर्बोज करत असतात.