मेंढरांची वाट

दिवाळी झाली की आमच्या भोंगवलीच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरायचे. घोड्यांवर बिऱ्हाड, कडेला कुत्री आणि मधे मेंढरांचा लोंढा. कोकणाकडे निघालेली ही मंडळी वाटेत रात्र-दोन रात्री शेतात मेंढरं बसवायची. शेताला खत, धनगराला धान्य. रात्रीत कोकरू जन्मलं तर सकाळी ते घोड्यावर बसून पुढच्या मुक्कामाला निघायचं! मेंढराला प्रवास नवा नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

म्हणूनच २०१८ च्या जूनमधली नागपूरची बातमी वाचून मन दोन्हीकडे ओढलं गेलं. ३० जूनला नागपूर विमानतळावरून दीड-दोन हजार शेळ्या-मेंढ्या जिवंत शारजाला जायच्या होत्या. मेंढपाळाला चांगला भाव मिळावा म्हणून धनगर समाजातले तेव्हाचे खासदार डॉ. विकास महात्मे यांनी त्यासाठी खटपट केली होती. मुख्यमंत्री फडणवीस आणि केंद्रीय मंत्री गडकरी कार्यक्रमाला यायचे होते. जैन समाज आणि प्राणिमित्रांनी जोरदार विरोध केला आणि विमान उडालंच नाही.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर वाडा उतरला तेव्हा एका म्हाताऱ्या धनगरबाबांपाशी हा विषय काढला. ते म्हणाले, "इमानात घालू नका म्हंत्यात, बरं हाय. पर टेंपोत कोंबत्यात तवा कुनी आडवं येत न्हाई. आन् आमाला भाव किती मिळतो, त्ये बी कुनी इचारत न्हाई."

मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर जुन्या गोष्टी वाचू लागलो, तर हा वाद आपल्याकडे फार जुना निघाला. फक्त तेव्हा मेंढ्या नव्हत्या, माकडं होती.

१९५० च्या दशकात उत्तर भारतातली माकडं पकडून विमानानं इंग्लंड-अमेरिकेला जात. पोलिओची लस त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार होई. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत ३९४ माकडं गुदमरून मेली. मोठा गहजब झाला आणि त्याच वर्षी भारतानं निर्यात थांबवली. पण दुसऱ्या बाजूला पोलिओनं पांगळी होणारी मुलं होती. थोड्याच काळात निर्यात पुन्हा सुरू झाली, मात्र एका अटीवर: माकडं लस आणि वैद्यकीय संशोधनासाठीच वापरायची.

पुढे बावीस वर्षांनी ही अटच कामाला आली. अमेरिकेत माकडांवर लष्करी किरणोत्साराचे प्रयोग होतात, हे इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीगच्या शर्ली मॅकग्रील यांनी उघड केलं आणि भारत सरकारपर्यंत पोचवलं. मोरारजी देसाईंच्या सरकारनं डिसेंबर १९७७ मध्ये बंदी जाहीर केली आणि १ एप्रिल १९७८ पासून माकडांची निर्यात बंद झाली. अट लिहिलेली होती, ती मोडल्याचं कुणीतरी चिकाटीनं शोधून काढलं, म्हणून हे जमलं.

गंमत म्हणजे त्याच १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियमही आले. त्यात माकडांबद्दल आहे, तसं शेळ्या-मेंढ्यांबद्दलही आहे. जनावराच्या डॉक्टरचा दाखला हवा, चारा-पाणी हवं, गाडीत पुरेशी जागा हवी. म्हणजे धनगरबाबांच्या टेंपोचा कायदा केव्हाचाच झालेला आहे. त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी नाही, एवढंच.

बाहेरचंही एक उदाहरण सांगतो. २००३ मध्ये 'कॉर्मो एक्सप्रेस' हे जहाज ऑस्ट्रेलियातून सत्तावन्न हजारांवर मेंढ्या घेऊन सौदी अरेबियाला गेलं. रोगाचं कारण सांगून तिथं माल नाकारला. जहाज आठवडेच्या आठवडे समुद्रावर भटकत राहिलं, पाच हजारांहून जास्त मेंढ्या दगावल्या, उरलेल्या शेवटी एरिट्रियानं घेतल्या. त्यानंतरही लोक वीस वर्षं भांडत राहिले. अखेर २०२४ मध्ये कायदा झाला की १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवायच्या नाहीत. तिथले मेंढपाळ या कायद्यावर नाराज आहेत. पण निदान त्यांना मुदत मिळाली आणि दुसरी सोय लावण्यासाठी सरकारनं पैसे बाजूला काढले.

आपल्याकडे? २०२३ च्या जूनमध्ये जिवंत जनावरांच्या आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा आला, गदारोळ झाला, काही दिवसांत मागे घेतला गेला. नागपूरसारखंच. विरोध चुकीचा होता असं मी म्हणत नाही. विमानाच्या पोटात कोंडलेल्या मुक्या जिवांसाठी कुणी ओरडलं, याचा मला आनंदच आहे. पण विमान थांबलं म्हणून मेंढरू वाचलं नाही, ते दुसऱ्या गाडीत चढलं. आणि धनगराचा भाव होता तिथंच राहिला.

असो. पुणे-सातारा रस्त्यावर दोन मजली कोंबलेला मेंढरांचा टेंपो मी कितीतरी वेळा ओलांडलाय. वास येतो म्हणून काच वर केलीय, गाडीचा नंबर एकदाही लिहून घेतला नाही. आजोबांच्या शेतात बसणाऱ्या मेंढरांवर माया करणं सोपं होतं, ती आपल्या पायांनी चालत यायची.

आता गाडीत एक वही ठेवलीय.