खुदी : पूर्वेची की पश्चिमेची?

पूर्वेचे तत्त्वज्ञान 'मी' विसरायला शिकवते आणि पश्चिमेचे 'मी' जपायला, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास पाहिला तर ही वाटणी टिकत नाही. भगवान बुद्धांनी कायम टिकणारा आत्मा नाकारला. इ.स. १७३९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांनीही सांगितले की, मनात शोधू गेल्यास संवेदनांची रांग हाती लागते, 'मी' सापडत नाही. उलट इब्न सीना (९८०-१०३७) यांनी अधांतरी तरंगणाऱ्या माणसाची कल्पना केली. त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःच्या देहाचाही स्पर्श नाही. तरीही आपण आहोत हे तो जाणतो. फ्रान्सच्या देकार्त यांनी विचार करणाऱ्या 'मी'ला तत्त्वज्ञानाचा पाया केले ते १६३७ साली, इब्न सीनांच्या वफातीनंतर सहाशे वर्षांनी.

या प्रश्नाचा आमच्या अधिक जवळचा अध्याय म्हणजे अल्लामा इक्बाल यांची 'खुदी'. १९०५ साली ते केंब्रिजला गेले. तेथे मॅकटॅगर्ट हे त्यांचे तत्त्वज्ञानाचे गुरू. प्रत्येक व्यक्तीचा 'स्व' खरा आणि अमर आहे, असे हा इंग्रज गुरू मानी. आणि पूर्वेकडून आलेला शिष्य तेव्हा सर्वेश्वरवादाकडे, सूफी वृत्तीकडे झुकलेला होता. पुढे मॅकटॅगर्ट यांनीच इक्बालना पत्रातून या बदलाची आठवण करून दिली.

१९१५ साली लाहोरहून 'असरारे खुदी' हे फारसी काव्य प्रसिद्ध झाले. फारसी-उर्दूत 'खुदी' म्हणजे तोवर घमेंड, आपमतलब. म्हणून इक्बालना प्रस्तावनेत खुलासा करावा लागला की, येथे खुदीचा अर्थ गर्व नव्हे, स्वतःच्या अस्तित्वाची जाण. तरीही वादळ उठलेच. हाफिजवरील टीकेने ख्वाजा हसन निजामी आणि अकबर इलाहाबादी नाराज झाले. दुसऱ्या आवृत्तीत इक्बालनी त्या ओळी वगळल्या. १९२० साली निकल्सन यांचे इंग्रजी भाषांतर आले, तेव्हा इंग्लंडमधील समीक्षकांना त्यात नीत्शे दिसला. इक्बालनी निकल्सन यांना कळवले की, नीत्शे वाचण्यापूर्वीच आपण 'इन्साने कामिल'वर लिहिले होते. अब्दुल करीम अल्-जीली यांच्यावरील तो लेख १९०० साली मुंबईच्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला होता. म्हणजे घरच्यांना खुदी परकी वाटली आणि परक्यांना ती उसनी वाटली!

मराठी वाचकांनी आणखी एक योग ध्यानात घ्यावा. त्याच १९१५ साली पुण्यात लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथात कांट, ग्रीन यांच्या नीतिविचारांशी तुलना करीत टिळकांनी गीतेचा अर्थ संन्यास नव्हे, कर्मयोग असा लावला. इकडे इक्बालनीही आपल्या प्रस्तावनेत श्रीकृष्णांच्या कर्माच्या शिकवणीचा आदराने उल्लेख केला आणि शंकराचार्य व इब्न अरबी या दोघांच्या विवेचनाने माणूस कर्मापासून दूर गेला, अशी तक्रार केली. फरकही मोठा आहे. टिळकांना आत्मा आणि ब्रह्म यांचे ऐक्य मान्य होते. बंदा खुदात विरून जावा, हे इक्बालना मान्य नव्हते. पण गुलाम देशातल्या माणसाने हातपाय गाळू नयेत, ही तळमळ दोघांचीही होती.

आम्ही उर्दू शाळांत शिकवतो आणि मराठी मुलखात राहतो. खुदीसाठी मराठीत शब्द शोधू लागलो की अडचण होते. 'अहंकार' म्हटले तर अर्थाचा अनर्थ होतो. 'अस्मिता' म्हटले तर झेंडे आठवतात. 'आत्मभान' हा शब्द आम्हाला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. आमच्या मुलांना खुदीचे शेर पाठ असतात. पण १९१८ साली इक्बालनी 'रुमूजे बेखुदी'ही लिहिले आणि त्यात व्यक्तीला समाजाशी जोडले, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. अर्धी खुदी शिकलेला मुलगा एक तर उर्मट होतो, नाही तर आपल्या मोहल्ल्यात मिटून बसतो.

इक्बालनी रूमींपासून घेतले, मॅकटॅगर्टशी चर्चा केली आणि गीतेलाही मान दिला. एवढ्या दारांतून घेऊनही त्यांचा 'मी' हरवला नाही, उलट घडत गेला. आपली ओळख जपायची तर दारे बंदच करावी लागतात, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.