गोड स्पीकर आणि खरा स्पीकर



कामगार चळवळीतल्या माणसाने स्पीकरच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु माझी तीस वर्षे कर्ण्याच्या मागे उभे राहण्यात गेली आहेत. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. आजचा विषयही फाटकावरच सुचला.

काही वर्षांपूर्वी हंगामी कामगारांच्या थकलेल्या पगारावर आम्ही एक गाणे करून घेतले. माणशी दहा रुपये वर्गणी होती. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात एका तरुणाने घराच्या खोलीत स्टुडिओ मांडला होता, तिथे ध्वनिमुद्रण झाले. त्याने आपल्या दोन मोठ्या घरगुती स्पीकरांवर ते ऐकवले, तेव्हा ढोलकीच्या घुमाऱ्याने अंगावर काटा आला. आठ दिवसांनी तेच गाणे फाटकावर कर्ण्यातून लावले. ढोलकी नाहीशी झाली आणि शब्द चिखलात रुतल्यासारखे. एक म्हातारा कामगार जवळ येऊन म्हणाला, "गाणं झ्याक हाय अण्णा, पर म्हणतंय काय?"

चूक गाणाऱ्याची नव्हती, कर्ण्याचीही नव्हती. घरगुती स्पीकर हा ऐकणाऱ्याला खूश करण्यासाठी घडवलेला असतो. तो खालचा घुमारा वाढवतो, वरची चकाकी वाढवतो. तरुणाला वाटले, गायकाच्या शब्दांना धार पुरेशी आहे. म्हणून त्याने ती कमी ठेवली. वास्तविक ती धार गाण्यात नव्हती, स्पीकरने आपल्या पदरची घातली होती. कर्णा खालचे सूर जवळजवळ टाकूनच देतो. सबब घुमारा गेला आणि धार तर मुळातच नव्हती.

हा प्रश्न आमच्याच नशिबी आला असे नव्हे. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, त्या हलत्या तारगुंडाळीच्या यंत्राची रचना अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रणही त्याच वर्षी बाजारात आले. तेव्हापासून तंत्रज्ञासमोर पेच उभा आहे: मुद्रित केलेले गाणे नीट झाले की नाही, हे कोणत्या स्पीकरला विचारायचे? मोठ्या स्टुडिओंनी भिंतीएवढे स्पीकर बसवले. त्यांवर सारेच भव्य वाटे. पण जनता ऐकणार घरातल्या रेडिओवर आणि मोटारीत! मग टेबलावर छोटे स्पीकर आले. ऑराटोन नावाचा, एकाच शंकूचा, विटेच्या ढिगासारखा चौकोनी डबा अमेरिकेतल्या स्टुडिओंत मानाने बसला. बीबीसीने सत्तरीच्या दशकात एलएस३/५ए नावाचा लहान स्पीकर तयार केला, तो बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मोठा मावत नव्हता म्हणून.

सर्वांत गमतीची कथा यामाहाच्या एनएस-१० ची. जपानी कंपनीने १९७८ साली तो घरासाठी काढला आणि घरच्या गिऱ्हाइकाने त्याकडे पाठ फिरवली. खाली घुमारा थोडा, मधले सूर अंगावर येणारे. काहीजण तर वरच्या छोट्या शंकूवर पातळ कागद चिकटवून त्याची कर्कशता कमी करीत. पण मधल्या सुरांतच माणसाचा आवाज राहतो, शब्दाची ओळख तिथेच पटते. खोका बंद असल्यामुळे ठोका वाजला की आवाज चटकन थांबे. दोष लपत नसत. ऐंशीच्या दशकात जगभरच्या स्टुडिओंत तो पांढऱ्या शंकूचा स्पीकर दिसू लागला. १९८७ साली कंपनीने खास स्टुडिओसाठीच त्याची आवृत्ती काढली आणि २००१ साली उत्पादन थांबवले. बाजारात नापास झालेला माल कामावर पास झाला! कामगारांतही अशी माणसे मी पाहिली आहेत. असो.

आपल्याकडे येऊ. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भजन, भीमगीत, लोकगीत वाड्यावस्त्यांवर पोचले. आज कॅसेटची जागा संगणकाने घेतली आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. अजय-अतुल यांनी त्यातला वाद्यवृंद थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसकडे सोनीच्या स्टुडिओत मुद्रित केला. आणि आपण तो ऐकला कुठे? ट्रॅक्टरवर, वरातीत, हातातल्या मोबाइलवर. तिथेही शब्द कळला, ठेका कळला.

मग धरणाकाठच्या आमच्या तरुणाने काय घ्यावे? आता मॉनिटर म्हणतात ते सपाट, खरे बोलणारे स्पीकर आतच अँप्लिफायर बसवलेले मिळतात. लहान खोलीला पाच इंची शंकूची जोडी पुरते. आठ इंची आणली तर खोलीच घुमू लागते. दुकानात दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला सांगावे, कारण जो जरा मोठा लावला तोच चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले की हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून मोठा आवाज भरदार भासतो आणि फसवतो. काम करताना आवाज साध्या बोलण्याइतका असावा, कानही टिकतात. वरात गाजवणारी पोरे हे ऐकत नाहीत, त्यांचे त्यांना लखलाभ.

घरी आणल्यावर कोपऱ्यात ठेवू नयेत, कोपरा घुमारा वाढवतो. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, छोटे शंकू कानांच्या उंचीला यावेत. भिंतीवर गोधड्या टांगल्या तर आवाजाचा खणखणाट मरतो. पत्र्याच्या खोलीत हे फार उपयोगी. घुमारा मात्र गोधडीने जात नाही, त्याला जाड थर लागतो. आणि ओळखीची चार उत्तम गाणी त्याच स्पीकरवर रोज ऐकावीत. स्पीकरचा स्वभाव कळायला पंधरा दिवस लागतात. नव्या मुकादमालाही तेवढे लागतातच.

आमच्या तरुणाने मोठे स्पीकर विकले, त्यात थोडी भर घालून लहान जोडी घेतली आणि खोलीबाहेर एक जुना कर्णा टांगला. गाणे नव्याने जमवले. गायकाचा आवाज पुढे आणला. ढोलकीच्या घुमाऱ्यापेक्षा तिच्या थापेला जागा दिली. प्रत्येक फेरीला तो बाहेर जाऊन कर्ण्याखाली उभा राही, मग मोबाइलवर ऐके, मग पुन्हा आत.

पुढच्या फाटकसभेत ते लावले. तोच म्हातारा गर्दीतून वाट काढीत आला आणि मला म्हणाला, "अण्णा, दुसऱ्या कडव्यात थकबाकी तीन महिन्यांची म्हणलाय. चार महिन्यांची हाय."